काळ्या कडा

आप्पांचा श्वास घरघरत होता, आणि त्यांच्या कॉटपासून हातभर अंतरावर बसून मी त्यांच्या फोटोच्या कडा काळ्या करत होते.

"अजून जरा," माझ्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे असलेले दिगंबरभाऊजी म्हणाले. "माझा खांदा दिसतोय अजून."

"एकदम काळं केलं तर शाई सांडल्यासारखं दिसेल, भाऊजी. हळूहळू उतरवत न्यावं लागतं."

"मग उतरव. पण मी नको त्यात. असल्या फोटोत जिवंत माणूस असू नये."

"अपशकुन असतो," दारातून कुंदाताई म्हणाल्या. त्या भाऊजींच्या पत्नी, माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांच्या हातात फुलपात्र आणि चमचा होता. आप्पांच्या तोंडात त्यांनी चमचाभर पाणी सोडलं. ते गालावरून ओघळून उशीत मुरलं.

आप्पा म्हणजे माझे सासरे, त्र्यंबक वडनेरे. शेवगावच्या बाजारपेठेत आमचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, आणि दुकानावरच घर. त्या हिवाळ्यात आप्पांना ताप आला, तो छातीत उतरला. नगरच्या दवाखान्यात नाकातोंडात नळ्या घालून झाल्या. शेवटी डॉक्टरांनी भाऊजींना बाजूला घेऊन सांगितलं, आता घरी न्या, सेवा करा. तसं त्यांना आणून माजघरात कॉटवर ठेवलं होतं. डोळे मिटलेले, हाक मारली तरी पापणी हलत नव्हती.

माझा कॉम्प्युटर त्याच माजघरात होता. लग्नाआधी मी पैठणला एका फोटो स्टुडिओत काम करायची. तिथेच शिकले, आणि लग्नात येताना तो डबा बरोबर घेऊन आले. कुंदाताईंनी तो जिन्याखालच्या अडगळीत ठेवायला सांगितला होता. आप्पांनी तिथून काढायला लावला. "शिकलेली पोर आहे. तिचं सामान केरसुणीशेजारी ठेवता?" म्हणाले, आणि स्वतःच्या कॉटशेजारी टेबल मांडून दिलं. दुपारी दुकानातून वर आले की माझ्यामागे उभे राहून बघत बसायचे. कुणाच्या बारशाचे फोटो, कुणाची रांगोळी, असलं काहीबाही मी उजळून देत असे. सॉफ्टवेअर इंटरनेटवरून फुकट उतरवलेलं होतं. आमचे स्टुडिओवाले त्याला हसायचे, पण मला त्यात सगळं करता यायचं. विग्नेट तर मला फार आवडायचं. चेहऱ्याभोवती अंड्यासारखा आकार आखायचा, त्याच्या बाहेर काळा रंग भरायचा, मग त्याची कड पसरवत पसरवत धुक्यासारखी करायची. शेवटी तो काळा इतका फिका करायचा, की बघणाऱ्याला काही केलंय हे कळतच नाही, फक्त नजर चेहऱ्यावरून हलत नाही.

ते मला येतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

आप्पांना घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊजींनी विषय काढला. आम्ही सगळे कॉटभोवतीच होतो.

"फोटोचं बघून ठेवायला हवं," ते म्हणाले. "ऐनवेळी धावपळ होते. गुजर शेटजी गेले तेव्हा त्यांच्या पोरांना मतदानाच्या कार्डावरचा फोटो मोठा करून लावावा लागला. ओळखू येत नव्हते."

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलताहेत. कळलं तेव्हा म्हटलं, "आत्ता? अहो भाऊजी, आप्पा आहेत ना अजून."

"आहेत म्हणूनच निवांतपणे होईल," कुंदाताई म्हणाल्या.

मला रडू फुटलं. मी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. निशिकांत कॉटच्या पायथ्याशी उभा होता, आप्पांच्या पायावरची रजई नीट करत. वर न बघता म्हणाला, "नूतन, कर. तुला येतं ते. बाहेर कुणाला सांगितलं तर गावभर होईल."

म्हणून मी केला.

धनत्रयोदशीला दुकानात मी आप्पांचा एक फोटो काढला होता. मागे तांब्याचे हंडे, घंगाळी, कळशा एकावर एक रचलेल्या, आणि पुढे गादीवर आप्पा, तोंडभर हसताना. त्यांचा डावा हात शेजारी बसलेल्या दिगंबरभाऊजींच्या खांद्यावर होता. त्यामुळे भाऊजींना कापून काढता येईना, आप्पांचा हातच तुटला असता. मग मी भाऊजींवर अंधार आणत गेले. आधी त्यांचा कान गेला, मग गाल, मग सदऱ्याची कॉलर. हंड्यांची चकाकी मंद झाली. राहिला तो आप्पांचा चेहरा, आणि काळोखात गेलेला एक हात.

खोटं कशाला बोलू, फोटो फार चांगला झाला. मी रडत रडत केला, पण चांगला झाला.

भाऊजींनी तो पेनड्राइव्हवर घेतला, नगरहून मोठा छापून आणला आणि चौकट करून घेतली. खाली सोनेरी अक्षरांत "कै. त्र्यंबक रामचंद्र वडनेरे" असंही लिहून घेतलं. ते मी पाहिलं नव्हतं. चौकट वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी कपाटामागे सरकवून ठेवली.

आणि आप्पा गेले नाहीत.

एका सकाळी त्यांनी डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मग पेज, मग काही दिवसांनी पिठलं. डॉक्टर येऊन बघून गेले आणि स्वतःच हसायला लागले. कुंदाताईंनी पेढे वाटले. भाऊजींनी कालिकामातेला साडी नेसवली. आप्पा काठी घेऊन माजघरात फिरायला लागले, मग जिना उतरून दुकानात जाऊन बसायला लागले. मलाही इतका आनंद झाला होता, की त्या चौकटीची आठवणसुद्धा राहिली नाही. बहुतेक कुणालाच राहिली नाही.

एके दिवशी त्यांची काठी कपाटाला टेकवलेली होती, ती घसरून मागे पडली. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. आधी कागद फाटल्याचा आवाज आला, मग आप्पांची हाक.

"दिगंबर! निशिकांत! सगळे या इकडे."

आम्ही आलो. आप्पा खुर्चीत बसले होते आणि चौकट त्यांच्या मांडीवर होती, आमच्याकडे तोंड करून.

"कुंदा, तू वाच. माझा चष्मा आत आहे. हे पहिलं अक्षर काय आहे?"

कुंदाताईंनी पदर सारखा केला.

"क ला दोन मात्रा आणि पुढे टिंब. म्हणजे काय होतं?"

"आप्पा, ते काय झालं..." भाऊजी म्हणाले आणि थांबले.

"काय झालं ते दिसतंय मला. केलं कुणी?"

खाली पेठेत कुणीतरी पितळेवर ठोकत होतं. मग कुंदाताई म्हणाल्या, "नूतननं. कॉम्प्युटरवर. आम्हाला तर मागाहून कळलं."

मी भाऊजींकडे बघितलं. त्यांनी नुसता सुस्कारा सोडला, एखादी लपवलेली गोष्ट नाइलाजानं बाहेर आल्यासारखा. मग मी निशिकांतकडे बघितलं. तो दुकानात निघाला होता. चपलेचा अंगठा सैल झाला होता, तो खाली वाकून नीट करत होता. वाकूनच म्हणाला, "हिला नाद आहे ना फोटोंचा."

हातातल्या गाळणीतून चहा माझ्या पायावर ठिबकत होता.

आप्पांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग चौकट उलटी करून स्वतः बघितली.

"छान केलायस," ते म्हणाले. "ही धनत्रयोदशी ना? मग दिगंबर कुठे गेला? माझा हात कुणाच्या खांद्यावर आहे?"

"तिथे अंधार केलाय, आप्पा."

"का?"

"नजर... नजर चेहऱ्यावर राहावी म्हणून."

"बरोबर आहे. शिकलेली आहेस." ते निशिकांतकडे वळले. "खिळा आण. त्या भिंतीवर ठोक, माझ्या खुर्चीसमोर."

"आप्पा, काहीतरीच काय!"

"ठोक म्हटलं ना. आणि नूतन, उद्यापासून आंघोळ झाली की हार आणि उदबत्ती. मी चहा पीत असेन तेव्हा."

मला वाटलं रागाच्या भरात बोलले, संध्याकाळपर्यंत निवळतील. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते खुर्चीत बसले, चहा बशीत ओतला आणि म्हणाले, "हार कुठाय?"

कुंदाताईंनी परडी माझ्या हातात दिली. अंगणातला झेंडू त्यांनी आधीच तोडून ओवून ठेवला होता.

तेव्हापासून ते रोजचं झालं. मी स्टुलावर चढून फोटोला हार घालायची, उदबत्ती ओवाळायची, आणि ज्यांचा फोटो होता ते माझ्या पाठीमागे फुरक्या मारत चहा प्यायचे. मी खाली उतरून वळले, की आप्पा माझ्याकडे बघत असायचे. काही बोलायचे नाहीत. माझं तोंड बघायचे, बशी खाली ठेवायचे आणि दुकानात जायचे.

पाहुणे आले की मात्र बोलायचे. "बघा, आमच्या धाकट्या सूनबाईंनी केलाय. मी जिवंत असतानाच. तिच्या हाताला घाई फार." पाहुणे आधी हसायचे, मग खालची सोनेरी अक्षरं वाचायचे, मग माझ्याकडे बघायचे. पेठेत मी भाजीला गेले तरी बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. गंमत म्हणजे त्यातल्याच एक-दोघी नंतर गुपचूप येऊन विचारून गेल्या, आमच्या सासूबाईंचा तसा करून द्याल का, कडा काळ्या असलेला. मी कॉम्प्युटरवर कापड टाकून ठेवलं.

निशिकांतला मी किती वेळा म्हटलं, "अहो, एकदा सांगा ना आप्पांना. तुम्ही म्हणालात म्हणून मी केला."

"आता सांगून काय होणार आहे? दुकान अजून त्यांच्या नावावर आहे, नूतन. दादाला बाहेर काढतील, मला काढतील. तुझ्यावर खपून जातंय. तू सून आहेस, तुला कुठे काढणार?"

"मला रोज काढताहेत."

"निवळेल," तो म्हणाला आणि पेपर उघडला.

एकदा पैठणहून माझे आईवडील आले. मी आप्पांना आदल्या दिवशी विनवलं होतं, उद्या एक दिवस राहू द्या. ते "बरं" म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी माझे वडील त्यांच्याशेजारी बसलेले असताना त्यांनी हाक मारली, "नूतन, आज विसरलीस का गं?"

माझ्या आईवडिलांसमोर मी स्टुलावर चढले. आप्पा माझ्या वडिलांना शांतपणे सगळं समजावून सांगत होते. मी दवाखान्यातून आलो, डोळे मिटून पडलो होतो, तोवर तुमच्या मुलीनं एवढं करून ठेवलं. वडिलांनी हातातला चहा न पिता खाली ठेवला. जाताना जिन्यात मी त्यांना सांगायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "आम्ही असं शिकवलं नव्हतं तुला," एवढंच म्हणाले. आई पदरात तोंड घालून त्यांच्यामागे उतरली. त्यानंतर वडील आमच्या घरी कधी आले नाहीत.

पुढे एकदा नात्यातलं लग्न निघालं, नेवाशाला. भाऊजी, कुंदाताई, निशिकांत सगळे गेले. आप्पांना प्रवास झेपत नव्हता, म्हणून मी मागे राहिले. सकाळी घरात आम्ही दोघंच होतो. मी हार घालायला चढले आणि त्या दिवशी काय झालं कोण जाणे, माझे हात वर जाईनात. मी स्टुलावरच बसले आणि हार मांडीत घेऊन रडायला लागले.

"आप्पा, मी मनानं नाही हो केला तो फोटो."

"माहीत आहे मला," आप्पा म्हणाले.

मी डोळे पुसले. मला वाटलं, नीट ऐकलं नाही मी.

"सगळं माहीत आहे. डोळे उघडत नव्हते माझे, कान उघडे होते. फोटोचं दिगंबरनं काढलं. कुंदा म्हणाली, निवांतपणे होईल. निशिकांत म्हणाला, कर. तू म्हणालीस, आप्पा आहेत ना अजून. मग तू रडलीस. नंतर माझ्या उशाशी बसून टकटक करत होतीस, आणि दिगंबर म्हणत होता, मी नको त्यात." त्यांनी बशीत फुंकर मारली. "त्या वेळी वाटलं होतं, उठून बसावं. पण बोटसुद्धा हलत नव्हतं."

"मग मला का, आप्पा?" मी विचारलं. "त्यांना का नाही?"

त्यांनी जरा विचार केला. रागावलेले अजिबात नव्हते. गिऱ्हाइकाला भांडं वाजवून दाखवताना बोलायचे, तशाच आवाजात बोलले.

"कुंदाला हार घालायला सांगितलं असतं, तर तिनं मोगऱ्याचा आणला असता. दिगंबरनं वर आरती म्हटली असती. त्यांना काही होत नाही गं. निशिकांत चार दिवस खाली बघेल आणि विसरून जाईल. मी मरायच्या आधी पोटच्या पोरांनी माझी चौकट करून ठेवली, त्याचं कुणाला तरी वाईट वाटायला नको? तुला वाटतं. रोज तुझं तोंड पडतं. घरात कुणाचं तरी पडायला हवं ना?"

"पण मी तर..."

"तूच. लाज आहे त्यालाच शिक्षा करता येते, नूतन. घाल हार. चहा निवतोय."

मी उठले आणि हार घातला.

दुसऱ्या दिवशीही घातला. पण त्या दिवशी वळले तेव्हा माझं तोंड पडलेलं नव्हतं. मी ठरवून काही केलं नाही. आत हात घालून बघावं आणि डबा रिकामा असावा, तसं झालं होतं. आप्पा माझ्याकडे बघत राहिले, बशी हातात तशीच. मी विचारलं, "अजून चहा देऊ?" ते नको म्हणाले.

त्यानंतरचे दिवसही तसेच गेले. पाहुण्यांपुढे त्यांनी माझी ओळख करून दिली, की मी म्हणायची, "हो, मीच केलाय. चांगला आलाय ना? चेहऱ्यावरचा उजेड बघा." पाहुणे घाईघाईनं चहा संपवायचे. आप्पा काठी शोधायला लागायचे. मी रोज ताजी फुलं आणायला लागले. उदबत्तीही जरा बऱ्या वासाची घेतली. हार घालून झाला की फोटोला दोन्ही हात जोडायची, डोळे मिटून, चांगला वेळ. मागे फुरक्यांचा आवाज थांबायचा.

मग एका सकाळी सगळे माजघरात असताना आप्पा म्हणाले, "नूतन, पुरे झालं आता. काढ तो फोटो."

घरात एकदम सैल झाल्यासारखं झालं. निशिकांत माझ्याकडे बघून हसला, बघ मी म्हणालो होतो ना, अशा अर्थानं. भाऊजी लगेच उठले. "स्टूल आण इकडे, मीच काढतो. आप्पा, बरं केलंत. लोक काय काय बोलत होते."

"राहू द्या, भाऊजी," मी म्हटलं.

"काय?"

"हात लावू नका. आप्पांनीच लावायला सांगितलाय. चांगला झालाय तो."

"मी सांगतोय ना, काढ म्हणून," आप्पा म्हणाले. "सकाळी उठलं की तोच समोर येतो. नको वाटतं आता."

भाऊजी स्टुलावर एक पाय ठेवून उभे होते. मी त्यांना म्हटलं, "काढा मग. पण काढण्याआधी तो करायला कुणी सांगितलं होतं, तेवढं आप्पांसमोर सांगा. तुम्ही सांगा, नाहीतर कुंदाताई सांगतील, नाहीतर हे सांगतील. कुणीही एकानं सांगा. मी स्वतः उतरवून अडगळीत टाकते."

भाऊजींनी पाय खाली घेतला. कुंदाताई उठून आत गेल्या, काही करपत नव्हतं तरी. निशिकांत पायाशी बघायला लागला.

मी आप्पांकडे बघितलं. त्यांना एवढंच म्हणायचं होतं, की मला माहीत आहे. त्या तीन शब्दांत सगळं मिटलं असतं. पण ते म्हटल्यावर पुढे काहीतरी करावं लागलं असतं. पोरांना जाब विचारावा लागला असता, त्यांच्या हातचं पाणी प्यायचं की नाही हे ठरवावं लागलं असतं. आप्पांनी थोरल्याकडे बघितलं, धाकट्याकडे बघितलं. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी बशी माझ्यापुढे धरली.

"निवला," म्हणाले. "जरा गरम करून आण."

फोटो तिथेच राहिला. आप्पा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले, सुधारलेल्या तब्येतीत जगले. एकदा त्यांनी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून ठेवली. मी केर काढताना ती पुन्हा होती तशी लावली. त्यांनी पुन्हा फिरवली नाही. रोज सकाळी आंघोळ करून मी हार घालायची, उदबत्ती ओवाळायची आणि वळून बघायची. आप्पा मान खाली घालून बशीत बघत बसलेले असायचे. एखाद्या दिवशी त्यांची मान वर राहिलीच, तर मी तिथेच उभी राहायची, ती खाली जाईपर्यंत.